दहा मण्यांइतकं पूर्वेला

आमच्या विल्शानात अळंबीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. बायको नवऱ्याला सांगत नाही, आई लेकीला सांगत नाही. म्हाताऱ्या बायका शेवटच्या घटकेला पाद्रीबाबांपुढे जन्माची पापं ओकून टाकतात, पण ओढ्यापलीकडच्या कुठल्या ओकच्या झाडाखाली पांढरी अळंबी येते हे विचारलं, की डोळे मिटून घेतात. आणि पाद्रीबाबा विचारतातच. नाताळच्या संध्याकाळी त्यांनाही बीटच्या सारात, बोर्श्चमध्ये, अळंबी लागते.

अशा गावात तोदोस्का होलोव्चाक ही अळंबीवाल्यांची राणी. ठेंगणी, रुंद, पायात रबरी बूट, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात वेताची टोपली. तरुणपणी तिने सामुदायिक शेतीवर गाईंच्या धारा काढल्या. ती शेती मोडल्यावर विमानदलाच्या छावणीतल्या खानावळीत बटाटे सोलले. नवरा कामासाठी परदेशी गेला तो तिकडचाच झाला. बहीण वारली तेव्हा तिचा चार वर्षांचा मिरोन तोदोस्काने पदरात घेतला आणि आपल्या लेसियाबरोबर वाढवला. लेसिया मोठी होऊन नेपल्सला म्हाताऱ्या सांभाळायला गेली. मिरोन मात्र कुठे गेला नाही. तो त्याच छावणीत लढाऊ विमानाचा वैमानिक झाला.

तोदोस्काचं बोलणं संथ. संथ म्हणजे किती? तिला ‘कशी आहेस’ विचारावं आणि ‘बऽऽरी आहे गंऽऽ’ पूर्ण होईपर्यंत आपला चहा निवावा, इतकं. चर्चमध्ये सगळ्यांचं ‘आमेन’ होऊन लोक दाराशी टोप्या घालायला लागले, तरी हिचं ‘स्वऽऽर्गातल्या’ चालूच. आम्हा पोरांना तिची नक्कल करायला फार आवडे, पण ती अवघड होती. मध्येच आपल्यालाच जांभई यायची.

तिचं घर गावाबाहेर, धावपट्टीच्या दक्षिण टोकासमोर अगदी सरळ रेषेत. विमानतळ बांधला तेव्हा ते घर हलवायचं ठरलं होतं. तिचा बाप दारात कुऱ्हाड घेऊन बसला आणि म्हणाला, “तुमची पट्टी हलवा.” पट्टी हलली नाही, घरही हललं नाही. मग वैमानिकांना त्या घराचाच आधार झाला. नाकाखालून तोदोस्काचं छप्पर गेलं, की समोर धावपट्टी. ते वरून दिसावं म्हणून छावणीची माणसं दर वसंतात येऊन छपराला केशरी रंग लावून जात. फुकट. गावात एवढं झगझगीत छप्पर दुसरं नव्हतं. बायका जळायच्या आणि म्हणायच्या, “भोपळ्यात राहते बाई.”

आता यंत्राची गोष्ट.

एका शरदात तोदोस्का धुक्यात जंगलात वाट चुकली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यात निघाली. ते ऐकून लेसियाने नेपल्सहून तिला एक जीपीएस पाठवलं. डोंगर चढणारे लोक वापरतात तसलं, मुठीत मावणारं, पिवळं. जिथे उभं राहून बटण दाबू ती जागा त्यात राहते, आणि पुन्हा तिथे जायचं असलं की बाण दाखवतं. मिरोनने तिला शिकवलं. तोदोस्का शिकली, आणि मग बसून विचार करायला लागली. हे यंत्र उद्या कुणी चोरलं तर? आयुष्यभराच्या जागा एका मुठीत!

म्हणून तिने एक युक्ती काढली. अळंबीच्या जागी उभं राहून ती कधीच बटण दाबत नसे. तिथून उगवतीकडे तोंड करायची, चालायला लागायची आणि चालता चालता जपमाळेतल्या दहा मण्यांचा जप म्हणायची. दहावा मणी संपला की थांबून बटण. परत यायचं असलं की बाणामागे जायचं, मग मावळतीकडे दहा मणी. चोराने यंत्र नेलंच तर त्याला काय सापडणार? खाजकोयरी आणि मुंग्या.

हे ती कुणाला बोलली नव्हती. मिरोनलाही नाही.

गंमत अशी, की सवयीने तिने आपलं घरसुद्धा तसंच नोंदवलं. दारातून निघाली, बटाट्याच्या शेतातून उगवतीकडे दहा मणी चालली, रस्त्याकडेच्या क्रुसापाशी थांबली आणि दाबलं बटण. नाव दिलं ‘घर’. तिला काय, घर तर तिला यंत्राशिवायही सापडत होतं.

पूर्वेकडे लढाई पेटल्यापासून आमची विमानं रोज उडत होती. विमानं सोव्हिएत काळातली, आमच्या आईबापांच्या वयाची. त्यांच्यातली दिशा दाखवणारी यंत्रं तासाभरात आपल्याच नादाला लागत. म्हणून बहुतेक वैमानिक पदरचं जीपीएस घेऊन बसत. कुणी मांडीला पट्ट्याने बांधे, कुणी समोरच्या तबकड्यांवर धातूचा कंस बसवून घेई. कोट्यवधींच्या विमानात मासे पकडणाऱ्यांचं, सायकलवाल्यांचं, डोंगर चढणाऱ्यांचं सामान! वरचे अधिकारी ते बघायचे आणि बघितलं नाही असं करायचे.

मिरोनचं जीपीएस त्या सप्टेंबरात शिडीवरून पडून फुटलं. नवीन पोलंडहून यायला दोन-तीन आठवडे लागणार होते. तो मावशीकडे आला आणि बटाटा भरलेल्या वारेनिकीचं ताट पुढ्यात ओढत म्हणाला, “मावशे, तुझं पिवळं यंत्र दे ना थोडे दिवस.”

“माऽऽझं?”

“परत देतो. विमानात लावायचंय.”

“विमानात बसून अऽऽळंबी शोधणार?”

“मावशे, मी तुझ्या जागा बघणारसुद्धा नाही. बाणाची शपथ.”

“बाऽऽणाची नको. आईची घे.”

त्याने आईची घेतली. तोदोस्काने यंत्र रुमालात गुंडाळून दिलं आणि बजावलं, “एकही नाव पुऽऽसायचं नाही. एकही.”

आता अडचण अशी, की त्या यंत्रात जागा मोजक्याच राहत, आणि मावशीने जवळजवळ सगळ्या भरून ठेवल्या होत्या. ‘विधवा’, ‘पाद्र्याची टोपी’, ‘जिथे म्हैस मेली’, ‘हाफियाला कळू नये’ अशी एकेक नावं. शपथ पाळायची म्हणून मिरोनने उरलेल्या चार जागांत आपल्या मार्गाची वळणं टाकली. धावपट्टीच्या टोकाला जागाच उरली नाही. पण यादीत ‘घर’ होतं. घर म्हणजे केशरी छप्पर, छप्पर म्हणजे धावपट्टीची रेषा. मग वेगळं कशाला?

विमानात यंत्र बसवायचं काम साविचचं. साविच हा मिरोनच्या विमानाचा कारागीर, आणि आमच्याकडे अशी समजूत आहे की विमान कारागिराचं असतं, वैमानिकाला ते फक्त उसनं मिळतं. साविचचं तोंड नेहमी आंबट. कंस आवळताना तो पुटपुटत होता, “जन्मभर या खोक्यात एक स्क्रूसुद्धा सुटा राहू दिला नाही मी. टाचणी हरवली तर विमान उडू दिलं नाही. आणि आता काय, तर मावशीबाईंची अळंबी बसवा!”

“साविच, घट्ट बसव म्हणजे झालं.”

“घट्टच बसवतो. उलटा उडालास तरी तुझी मावशी पडायची नाही.”

साविच आंबट असला तरी आंधळा नव्हता. कंस आवळता आवळता त्याने यादी पाहिली, आणि मिरोन शिरस्त्राण आणायला गेला तेवढ्यात आपल्या फोनमध्ये सगळे आकडे उतरवून घेतले. शपथ मिरोनने घेतली होती, साविचने नव्हे. घरी जाऊन त्याने ते बायकोला दिले.

आणि साविचची बायको म्हणजे हाफिया. बाजारात तोदोस्काच्या शेजारी बसणारी, अळंबीच विकणारी, वीस वर्षं तोदोस्काच्या टोपलीकडे तिरक्या नजरेने बघणारी हाफिया. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तोदोस्का एक शब्द बोलेपर्यंत हाफिया दोन लग्नं जुळवून एक मोडून मोकळी.

दुसऱ्या दिवशी नवराबायको पहाटेच ‘पाद्र्याच्या टोपी’वर पोचली. तिथे खाजकोयरी. ‘विधवा’वर मुंग्यांचं वारूळ. ‘हाफियाला कळू नये’ इथे तर चिखलाचं डबकं, आणि साविचचा बूट त्यातच राहिला. हाफियाच्या पोटात हे राहतंय थोडंच! संध्याकाळपर्यंत ते आकडे निम्म्या छावणीच्या फोनांत होते, आणि आठवड्याभरात निम्मी छावणी खाजवत होती.

बाजारात हाफिया म्हणायची, “यंत्र इटलीचं ना गं तुझं? इटलीत राहून खोटं बोलायला शिकलं वाटतं!”

तोदोस्का अळंबीवरची माती पुसत म्हणायची, “काऽऽय की बाई. मला कुठलं यंत्रातलं कळतं.” आणि तिच्या टोपलीत पांढऱ्या अळंबीचा ढीग. तिला सगळं कळत होतं. मिरोनने नव्हे, साविचने चोरलं हेही तिला डबक्यात सापडलेल्या बुटावरून कळलं होतं. पण ती मनातून इतकी खूश होती, की त्या रविवारी तिने चर्चमध्ये एक मेणबत्ती जास्त लावली.

ऑक्टोबरातल्या एका बाजाराच्या दिवशी सकाळी ऊन होतं. दुपारी नदीकडून धुकं आलं. आमच्याकडे धुकं उतरत नाही, चालत येतं. आधी पूल गेला, मग चर्चचा घुमट, मग बाजारातली पलीकडची रांग. वर ढगाआड एक विमान घरघरत होतं.

तोदोस्काने मान वर केली. “मिऽऽरोन आहे.”

हाफिया शाल आवळत म्हणाली, “माहितीय, माझा म्हातारा तिकडे पट्टीवर उभा आहे त्याची वाट बघत. पट्टीजवळचा दिशादर्शक बऱ्याच दिवसांपासून बंद, रडार दुरुस्तीला उघडून ठेवलंय, सुटे भाग येतायत येतायत. पण म्हातारा म्हणतो काळजी नाही, पोरगा आज तुझ्या पिवळ्या डबीवर उतरेल. एवढं धुकं पहिल्यांदाच पडलंय, तर ‘घर’ लावेल आणि बाणामागे येईल. मी म्हटलं, त्या डबीवर? ती तर सगळी खोटी! तर म्हणतो, अगं अळंबी खोटी असेल, घर कसं खोटं असेल, घर काय पळून जातं?”

तोदोस्काच्या हातातली अळंबी खाली पडली.

त्याच क्षणी विमान खाली आलं. दिसलं नाही, आवाज आला. जन्मभर तो आवाज आपल्या छपरावरून गेलेला तिने ऐकला होता. आज तो गेला वीटभट्टीच्या बाजूने. वीटभट्टीचं धुराडं तिच्या घरापासून उगवतीकडे आहे. आवाज खूप खालून आला, मग एकदम फाटल्यासारखा वर चढला.

“हाफिया,” तोदोस्का म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा शब्द लांबला नाही, “चल.”

टोपल्या तिथेच राहिल्या. बाजारापासून छावणीचं फाटक रस्ता ओलांडला की समोर. दोन्ही बायका बूट आपटत धावल्या. फाटकावरच्या शिपायाने हात आडवा केला, तर हाफिया ओरडली, “हात काय दाखवतोस, मनोऱ्याला फोन लाव! साविचची बायको आहे मी, तुझ्या आईला ओळखते!” त्याने लावला.

विमानं उतरवणाऱ्या मनोऱ्यात लेफ्टनंट कर्नल ह्रिन्चुक होते. हा गृहस्थ कोरड्या पावासारखा. घरात आग लागली तरी ‘सध्या उष्णता वाढलेली आहे’ असं म्हणेल. त्यांनी नुकतंच रेडिओवर मिरोनला ऐकलं होतं: “छपरावरून गेलो, पण पट्टी दिसत नाही. उजवीकडे काहीतरी उंच होतं. पुन्हा फिरून येतो.” कर्नलना वाटलं, वाऱ्याने सरकला असेल.

“साहेब, मी तोदोस्का. तो छपरावरून नाही गेला. तो क्रुसावरून गेला.”

“कोणत्या क्रुसावरून, बाई?”

“यंत्रातलं घर म्हणजे घर नाही. घर मी सरकवून ठेवलंय. उगवतीकडे.”

“घर सरकवलंय,” कर्नल म्हणाले. “का?”

तोदोस्काने हाफियाकडे पाहिलं. हाफिया कान टवकारून अगदी फोनला चिकटली होती.

“कान झाक.”

“मी? मी नाही झाकणार,” हाफिया म्हणाली.

वर विमान वळत होतं. तोदोस्काने डोळे मिटले आणि सांगून टाकलं. अळंबी, चोर, उगवती, बटण, सगळ्याच जागा, घरसुद्धा. वीस वर्षं हाफियाला जे हवं होतं ते तिच्या कानापासून वीतभर अंतरावर पडत होतं. शिपाईही ऐकत होता. शिपायाची आईही अळंबी विकते.

“किती सरकवलंय?” कर्नलनी विचारलं.

“दहा मणी.”

“मीटरमध्ये सांगा.”

“मीटर मला नाही माहीत. मी चालते आणि जप म्हणते. दहा मणी संपले की थांबते.”

आता आमच्या कर्नलना मानायला हवं. दुसरा कुणी ओरडला असता. ते म्हणाले, “फाटकापासून कुंपण सरळ जातं. काँक्रीटच्या फळ्या चार-चार मीटरच्या आहेत, मीच रंगवून घेतल्यात. कुंपणाकडेने चाला आणि जप म्हणा. रोज म्हणता तसाच. दुसऱ्या बाईंनी फळ्या मोजाव्या. विमानात दोन फेऱ्यांचं इंधन आहे, आणि शेजारचा तळही धुक्यात आहे. सुरू करा.”

तोदोस्काने खिशातून जपमाळ काढली आणि चालायला लागली. पहिला मणी ती इतक्या घाईने म्हणाली, की ‘आनंद कर’ आणि ‘आमेन’ एकमेकांत अडकले. हाफियाने तिचा दंडच धरला.

“थांब! हे काय? असं म्हणतेस रोज?”

“पोर वर आहे गं!”

“म्हणूनच! हे तू माझ्यासारखं म्हणतेयस. माझ्यासारखं म्हणालीस तर मारशील त्याला. मागे चल. पहिल्यापासून. तुझ्यासारखं म्हण. चर्चमध्ये आम्हाला वैताग आणतेस ना, तसं!”

दोघी परत फाटकाशी आल्या. तोदोस्काने श्वास घेतला. टोपली नव्हती म्हणून शिपायाने आपली पाण्याची बादली तिच्या हातात दिली. जंगलात तिचा एक हात जड असतो हे त्यालाही सुचलं, अळंबीवालीचाच पोरगा तो. आणि ती निघाली.

“देऽऽवमाते कुमाऽऽरिके, आऽऽनंद कर, कृपेनं भऽऽरलेल्या माऽऽरिये...”

वर विमान कर्नलच्या सांगण्यावरून खाली न येता पहिली फेरी घालत होतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज तसाच रवीसारखा घुमत राहिला. हाफिया शेजारून चालत दर फळीला थाप मारत होती आणि ओठातल्या ओठात मोजत होती. ती नंतर आम्हाला म्हणाली, “जन्मात एवढा लांब जप मी ऐकला नाही. मध्ये मला वाटलं, ही पोलंडला पोचणार.” आणि हे सांगताना तोदोस्कासारखी मान हलवून दाखवायची. बरी जमायची तिला. ‘कुमाऽऽरिके’ जरा कमी पडायचं.

दहावा मणी संपला. तोदोस्का जिथल्या तिथे उभी राहिली.

हाफिया उलटी धावली. फोनमध्ये ओरडली, “पन्नास आणि वर दोन!”

कर्नलनी गुणाकार केला, वरचे आठ सोडले आणि रेडिओत मिरोनच्या विमानाला म्हणाले, “तीनशे सात, तुझ्या यंत्रातलं घर खरं घर नाही. खरं घर दोनशे मीटर पश्चिमेला आहे. बाणाच्या डावीकडे दोनशे धरून ये.”

रेडिओत खरखर. मग मिरोनचा आवाज, “हे कुणी सांगितलं?”

“तुझ्या मावशीने. जास्त विचारू नकोस, ती रडतेय.”

तोदोस्का कुंपणाशी तशीच उभी होती, बादली हातात. विमान खाली येताना ऐकू आलं. आधी नदीवरून, मग गवतावरून, मग तिने बोट वर केलं आणि म्हणाली, “आता छऽऽप्पर.” आवाज तिच्या घराच्या दिशेनेच गेला. मग चाकं टेकल्याचा चित्कार. मग साविच पट्टीवर जे काही ओरडला ते इथे लिहिता येणार नाही.

तोदोस्का बादलीवर बसली. बादलीत पाणी होतं. तिला ते कळलं नाही.

अळंबीची आठवण तिला रात्रीच्या जेवणाला आली म्हणतात. मिरोन समोर बसून खात होता, ती त्याच्या ताटात वाढतच होती, आणि मध्येच डाव तसाच धरून म्हणाली, “गेऽऽल्या सगळ्या.”

“काय गेलं, मावशे?”

“काही नाही. खा.”

गेल्याच. आकडे निम्म्या छावणीकडे आधीच होते, आता किल्लीही मिळाली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जंगलात एवढ्या बायका, की रानडुकरं रस्त्यावर आली. पण किल्ली मिळाली म्हणून कुलूप उघडतंच असं नाही. ‘दोनशे मीटर’ रेडिओत सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी जंगलात झाडंझुडपं वळवतात, ओढा आडवा येतो, तोदोस्का कुठल्या झाडाला कसा वळसा घालते कुणास ठाऊक. शेवटी बायकांनी ओळखलं की हिच्या जागी जायचं तर हिच्यासारखंच चालायला हवं. मग काय! धुक्यात इकडून ‘देऽऽवमाते’, तिकडून ‘कुमाऽऽरिके’, ओढ्यापलीकडून ‘भऽऽरलेल्या’. आख्खं जंगल तोदोस्काच्या आवाजात जप म्हणत होतं. आमच्यातल्या काहींनी तर शिकवण्या घेतल्या, एका जपाला एक बशी सुकी अळंबी. पाद्रीबाबांनी रविवारी सांगितलं, की संकटाने गावात भक्ती वाढली आहे आणि त्यांना फार समाधान वाटतं. पुढच्या बाकावर तोदोस्का मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, मागून कळलं नाही.

पुढच्या बाजाराला तिच्या टोपलीत ओंडक्यावरची बारकी अळंबी होती, तीही मूठभर. शेजारी हाफियाच्या टोपलीत पांढऱ्यांचा ढीग. हाफियाने दुपारपर्यंत कशीबशी कळ काढली.

“‘हाफियाला कळू नये’वरची आहे ही,” ती म्हणाली. “आवडली मला जागा. ओक चांगला आहे.”

“चांऽऽगलाच आहे.”

“एवढी हुशार तू, आणि घरच सरकवलंस! कुणी नुसतं तुझ्या दारात उभं राहून यंत्र बघितलं असतं, तरी कळलं असतं किती सरकवलंय ते. सगळ्या कुलपांची किल्ली उंबऱ्यावर ठेवली होतीस.”

तोदोस्काने आपली मूठभर अळंबी पसरून ठेवली. मग म्हणाली, “तुझ्या म्हाताऱ्याने ते का नाही बघितलं?”

“माझा म्हातारा? त्याला चोरी करताही येत नाही धड,” हाफिया म्हणाली. मग आपल्या ढिगातल्या सहा मोठ्या अळंब्या उचलून तिने तोदोस्काच्या टोपलीत टाकल्या, आणि इतक्या जोरात, की दोघींना दुसरीकडे बघता आलं. “घे. तुझ्याच आहेत. लाड समजू नकोस, पुढच्या आठवड्यात मिळणार नाहीत.”

मिळाल्या नाहीतच. हाफिया शब्दाची पक्की.

बऱ्याच उशिराने पोलंडहून मिरोनचं नवीन जीपीएस एकदाचं आलं. साविचने ते बसवलं, आणि बसवायच्या आधी ते हातात धरून पट्टीच्या टोकाशी स्वतः चालत गेला आणि तिथेच बटण दाबून आला. पिवळं यंत्र त्याने पुसून, रुमालात गुंडाळून मिरोनकडे दिलं. “तुझ्या मावशीला सांग,” तो म्हणाला, “तिच्या डबीत मी बघितलं नाही.”

“बघितलंस की.”

“सांग म्हटलं ना.”

मिरोन यंत्र घेऊन आला तेव्हा तोदोस्का अंगणात बटाट्यांची पोती शिवत होती. पहिलं हिम पडून गेलं होतं, अळंबीचा हंगाम संपला होता. तिने यंत्र घेतलं, उघडलं आणि एकेक नाव पुसायला लागली. ‘विधवा’, ‘पाद्र्याची टोपी’, ‘जिथे म्हैस मेली’. हळूहळू, तिच्याच गतीने. ‘हाफियाला कळू नये’ पुसताना थोडी थांबली.

“सगळंच काढतेस?” मिरोन म्हणाला. “मग पुढच्या वर्षी?”

“जंगल मोठं आहे रे. नवीन शोधीन.”

“आणि पुन्हा उगवतीकडे?”

तिने पुढचं नाव पुसलं. पुढच्या वर्षी ती कुठल्या बाजूला चालते, काय म्हणत चालते, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. ओठ हलतात, आवाज येत नाही. हाफिया दोनदा तिच्या मागे गेली, दोनदा चिखलात पडली.

शेवटी यादी रिकामी झाली. तोदोस्काने सुई पोत्यात खोचली, उठली, आणि मिरोनला वाटलं आता क्रुसाकडे निघते. ती दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली, वर एकदा केशरी छपराकडे पाहिलं आणि तिथेच बटण दाबलं.

“नाव काय देऊ?” मिरोनने यंत्र हातात घेत विचारलं.

“घऽऽर,” ती म्हणाली. “आणि आत ये, दार उघडं राहिलंय, थंडी येतेय.”